तंबोऱ्याचे अठ्ठावन्न ठोके

रुग्णवाहिका त्या आठवड्यात तिसऱ्यांदा दारात उभी राहिली, तेव्हा दस्तगीरचाचा मांडी घालून तंबोऱ्याची तारा पेलणारी घोडी घासत बसले होते.

गाडीत माणूस नव्हताच. या नव्या गाड्या चालकाशिवाय फिरायच्या आणि मिरजेतल्या अरुंद गल्ल्यांतूनही कुणाला धक्का न लावता बरोबर दारात येऊन थांबायच्या. दार सरकलं, आतून स्ट्रेचर निम्मं बाहेर आलं आणि एका बाईचा गोड आवाज बोलू लागला, "रुग्णाने घाबरू नये. रुग्णाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे बासष्ट झाले आहेत. रुग्णाने कृपया आडवे व्हावे."

"रुग्णाला आडवं व्हायला सवड न्हाई," चाचा मान वर न करता म्हणाले. "जा बाई. चहा घेत असशील तर थांब."

वरच्या मजल्यावर राहणारी वल्लरी गॅलरीतून हे बघत होती. कडेवर दहा महिन्यांची जुई. हसू येत होतं आणि हसायचं नाही हेही कळत होतं. दोनच महिन्यांपूर्वी चाचा याच जागी चक्कर येऊन पडले होते. हातात तंबोऱ्याचा भोपळा होता. पडताना त्यांनी तो छातीशी धरला, म्हणून भोपळा वाचला आणि कोपर फुटलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न भोपळ्याचाच.

त्या दिवसापासून त्यांच्या मनगटावर दवाखान्याचा पट्टा होता. पट्टा कातडीतून हिरवा उजेड आत सोडायचा आणि दर ठोक्याला रक्त फुगतं ते मोजायचा. बिछान्यात पडून राहणाऱ्या माणसासाठी उत्तम. पण चाचांचा हात कानशीवर चालायला लागला, की पट्ट्याला ठोका कुठला आणि घासण्याचा झटका कुठला हे कळेना. तो सगळेच मोजायचा. घोडी घासायला घेतली की गाडी दारात.

तिसऱ्या फेरीनंतर पट्टा सरसाच्या डब्यात सापडला. आपोआप पडला म्हणे.

संध्याकाळी सोलापूरहून नसीमाताईचा फोन आला. चाचांची एकुलती एक मुलगी, शाळेची मुख्याध्यापिका. ती फोनवरसुद्धा फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायची.

"अब्बा, पट्टा का काढला?"

"पडला गं."

"सरसात? झाकण लावून?"

चाचांनी सरसाच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

"मग आता कारखान्याला कुलूप लावा आणि इकडं या. तुमच्यासाठी खोली रिकामी ठेवलीय. उजेड येतो, गॅलरी आहे, बागेत म्हातारी माणसं येतात गप्पा मारायला."

"म्हातारी माणसं काय करायचीत मला? जोडीतला एक तंबोरा झालाय, दुसरा अर्धा पडलाय. एकट्या तंबोऱ्याला कुणी विचारतं का? दोन्हीचा सूर एकमेकांत मिसळला तर ती जोडी!"

"अब्बा, भोपळा धरून पुन्हा पडलात तर..." मुख्याध्यापिकेचं वाक्य पहिल्यांदाच अर्धं राहिलं.

फोन स्पीकरवर होता आणि वल्लरी जुईचा मऊ भात घेऊन जिन्यात उभी होती. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती बोलून गेली, "नसीमाताई, मी करून देऊ का एक यंत्र? मनगटावर नको, छातीवर लावायचं."

ती कुपवाडच्या एका कंपनीत पंपांचे सेन्सर बनवायची. पंपाचा दांडा झिजायला लागला की त्याची थरथर बदलते, ती थरथर ओळखणं हे तिचं काम. जुई झाल्यापासून रजेवर होती. नवरा पवनचक्क्यांच्या कामावर जतकडे, शनिवारी यायचा. आणि जुई दुपारी झोपायची ती फक्त एकाच गोष्टीवर. खालून तंबोऱ्याच्या तारा जुळवण्याचा आवाज सुरू झाला की डोळे मिटायची. तो आवाज सोलापूरला गेला तर या घरात झोप उरणार नाही, हा विचारही वल्लरीच्या मनात होताच. तो तिने कुणाला सांगितला नाही.

नसीमाताईने अटी घातल्या. चाळीस दिवस यंत्र लावायचं. रोज संध्याकाळी सहाला आकडे सोलापूरला. चुकलेले ठोके दिवसाला दोनशेच्या आत राहिले तर कारखाना चालू. वर गेले तर कुलूप.

"चाळीस दिवस," चाचा म्हणाले. "गवई लोक चिल्ला करतात, चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज. आता माझ्या काळजाचा चिल्ला."

यंत्र जुईच्या पाच झोपांमध्ये तयार झालं. वल्लरी दिवस असेच मोजायची, झोपांमध्ये. पहिल्या झोपेत नखाएवढा मायक्रोकंट्रोलर पाटीवर बसवला. तो यंत्राचा मेंदू. दुसऱ्या झोपेत कंपनाचा सेन्सर जोडला. त्यात केसाहून बारीक अशी सिलिकॉनची एक जीभ असते. काहीही हललं की ती थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. तिसऱ्या झोपेत जुई वीस मिनिटांत उठली आणि डाग देण्याची तार चघळायला निघाली, म्हणून ती झोप हिशेबात नाही. मग बिनतारी रेडिओ आणि बटणाएवढी बॅटरी. शेवटी सगळं एका कापडी पिशवीत शिवलं आणि जुईला पाठीशी बांधायच्या झोळीचा मऊ पट्टा कापून त्याला लावला.

"हे छातीच्या मधल्या हाडावर बसणार," ती चाचांना पट्टा बांधत म्हणाली. "काळीज दर ठोक्याला छातीला आतून टकटक करतं. दोनदा. झडपा मिटतात ना, त्याचे आवाज. धक आणि धुक. ही जीभ ते पकडणार."

"कानशीचं काय?"

"कानशीची थरथर वेगळी. ती गाळायला मी शिकवलंय त्याला."

चाचांनी पिशवी बोटांनी चाचपली. "ताइतासारखं दिसतंय. बरं, ह्यो धक-धुक आवाज तुझ्या फोनवर ऐकू येणार?"

"आवाज नाही पाठवत. बॅटरी दोन तासांत संपेल. ठोका कधी पडला तेवढी वेळ पाठवते. त्यावरून मोजणी. आवाज टाकून देते."

चाचांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "म्हणजे तारा मोजल्यास आणि सूर फेकून दिलास."

तिला तेव्हा ते बोलणं नुसतंच मजेचं वाटलं.

पहिले काही दिवस छान गेले. जुईला भरवता भरवता वल्लरी फोनवरची रेघ बघायची. दर ठोक्याला एक टिंब. कुठं एखादं टिंब गळलं की लाल खूण. एकशे दहा, एकशे तीस. आणि टिंबांवरून तिला हळूहळू बरंच कळायला लागलं. चाचांनी भोपळा उचलला, चाचा जिना चढले, चाचांना कुणाचा तरी राग आला. अकरा वाजता ठोके उड्या मारतात म्हणजे चहा.

"चाचा, आज तिसरा चहा झाला ना?" ती वरून ओरडायची.

"चाचा, कोण आलं होतं आत्ता? एकदम नव्वद झाले."

"चाचा, जेवलात की नाही? ठोके उपाशी दिसतायत."

आठवडाभर त्यांनी हसून सोडलं. मग एका दुपारी म्हणाले, "पोरी, माझ्या छातीला खिडकी पाडलीस, लई उपकार झाले. पण खिडकीला पडदा लावायचा असतो गं. माणूस बायकोच्या आठवणीनं जरा गलबलला, तरी तुला वर कळतं."

वल्लरीला ते लागलं. पण थांबणं जमेना. एकदा दिसायला लागलं की न बघता कसं राहायचं? जुई झोपेत हुंकारली तरी ती श्वास मोजायची, तसंच हे. आणि लाल खुणा वाढत होत्या. एकशे साठ. एकशे नव्वद. अठराव्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णव.

एकोणिसाव्या दिवसापासून सगळं सुधारलं.

बारा वाजले की ठोके शांत व्हायचे. अठ्ठावन्न. एकालाएक लागून, माळेत ओवल्यासारखे, एकही टिंब गळालेलं नाही. सोलापूरहून निरोप आला, "शाब्बास अब्बा. असंच चालू ठेवा." वर पोरांच्या वहीवर देतात तशा तारासुद्धा, पाचपैकी पाच. चाचांनी त्या चित्रातल्या चांदण्या चार जणांना दाखवल्या.

वल्लरीला मात्र चुटपुट लागून राहिली. जिवंत काळीज असं चालत नाही. श्वास आत घेतला की ते किंचित घाई करतं, सोडला की सैल पडतं. निरोगी माणसाचे दोन ठोके कधी तंतोतंत सारख्या अंतरावर नसतात. जितकं सारखं, तितकी काळजी जास्त. इतकं सरळ तर तिच्या कंपनीतला नवा पंपसुद्धा चालत नव्हता. उद्या दवाखान्यात विचारू, असं ती तीन दिवस म्हणत होती. खालून मोकळ्या तारा एका लयीत वाजत असायच्या, जुई छातीवर झोपलेली असायची, आणि तिलाही गुंगी यायची.

तेविसाव्या दिवशी दुपारी सव्वातीनला तंबोरा मध्येच थांबला. जुईने डोळे उघडून भोकाड पसरलं. वल्लरीने फोनकडे पाहिलं. रेघ सपाट. एकही टिंब नाही.

तिने फोनवरचं रुग्णवाहिकेचं लाल बटण दाबलं, जुईला उचललं आणि अनवाणी जिना उतरली. किती पायऱ्या गाळल्या तिला आठवत नाही. कारखान्यात चाचा नव्हते. "चाचा!" जुईपेक्षा मोठ्यानं ती किंचाळली.

"काय गं?" मागच्या पायरीवरून आवाज आला.

चाचा मिरची भजी खात होते. कागदावर सहा होती, सातवं हातात.

आणि आत, गादीवर आडव्या ठेवलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला झोळीचा मऊ पट्टा आवळून बांधलेला होता. शेजारी जुन्या टेबलफॅनची मोटर. नव्या तारा ताणून बसायला दिवसच्या दिवस छेडाव्या लागतात, त्यासाठी चाचांनी ती केव्हाच जुळवली होती. तिच्या पात्याला लावलेलं पीस एकामागून एक तार छेडायचं. मिनिटाला अठ्ठावन्न. आज एक तार तुटली होती आणि मोटरीत गुंडाळून बसली होती.

वल्लरी मटकन खाली बसली. हसावं की रडावं हे ठरायच्या आत रडू आलं. ते बघून जुई गप्प झाली.

तेवढ्यात दारात गाडी. स्ट्रेचर बाहेर. "रुग्णाने घाबरू नये. रुग्ण कोठे आहे?"

चाचांनी तंबोऱ्याकडं बोट केलं. "ह्यो बघ. तार तुटलीय. तुला जमत असलं तर ने, न्हाईतर माझं मी बघतो."

पण वल्लरी हसली नाही, आणि मग तेही हसले नाहीत. भजी बाजूला ठेवून, हात पुसून तिच्यासमोर बसले.

"मी मेले होते चाचा एवढ्यात," ती म्हणाली. "दहा पायऱ्यांत मी नसीमाताईंना काय सांगायचं तेसुद्धा जुळवलं मनात."

"चुकलं माझं."

"कशाला केलंत असं?"

"अठराव्या दिवशी दोन कमी होते दोनशेला. एकोणिसाव्याला मला आतूनच कळलं, आज आकडा जाणार वर. तंबोरा अर्धा टाकून जाऊ? तुझी पोर झोपती कशावर मग?" ते जुईच्या पायाशी चाळा करत राहिले. "काळीज दगा देतंय, ठाऊक हाय मला. पण काय दगा देतंय ते कुणी सांगंना. दवाखान्यात आकडा वाचतात. तू आकडा वाचतीस. नसी आकडा वाचती. कुणी ऐकलंय का?"

वल्लरीने डोळे पुसले. खरंच कुणी ऐकलं नव्हतं. पट्टे आल्यापासून डॉक्टरांच्या गळ्यातली ती नळी फक्त जुन्या फोटोंतच दिसायची. छातीला कान लावायची गरजच उरली नव्हती. आणि तिने स्वतः तर ऐकायचं ते टाकूनच दिलं होतं. पंपाच्या बाबतीत तिने असं कधी केलं नसतं. पंपाची थरथर ती अख्खी वाचायची.

"बॅटरी दोन तास टिकेल," ती उठत म्हणाली. "पुरे ना?"

अर्ध्या तासात तिने मायक्रोकंट्रोलरला नवा धडा दिला, की मोजू नकोस, सगळं पाठव. पट्टा चाचांच्या छातीवर आला. फोनमधून नुसतं टिकटिक ऐकू आलं.

"ह्यो डबडा काय वाजवणार," चाचा म्हणाले.

ते खरंच होतं. काळजाचे आवाज खर्जातले. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ते पेलत नाहीत. त्याला पोट मोठं हवं. वल्लरीने जुन्या स्पीकरचं कॉइल काढून जोडीतल्या तयार तंबोऱ्याच्या तबलीला, भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, मेणानं चिकटवलं, आणि भोपळा बोलू लागला.

धक-धुक. धक-धुक.

आवाज भोपळ्यातून येत होता आणि लाकडी फळ्यांतून पायांना जाणवत होता. चाचांनी डोळे मिटले. पहिल्या ठोक्याला बोट, दुसऱ्याला बोट, मधल्या जागेला हात उताणा.

"तुझं लाव."

वल्लरीने लावलं. स्वच्छ दोन ठोके, मध्ये शांतता.

"हिचं."

जुईचं काळीज द्रुत लयीत धावत सुटलं. ती स्वतःच चकित होऊन भोपळ्याकडं बघायला लागली, मग टाळ्या पिटायला लागली.

"आता परत माझं." बराच वेळ गेला. "ठोक्यांत खोट न्हाई गं, म्हणजे मूळ खोट तिथं न्हाई. धुकच्या मागं ऐक. तिथं गप्प व्हायला पायजे. तुमचं दोघींचं होतंय. माझं फुस्स करतंय. तारेखालचा दोरा केसभर सरकला की तार घोडीवर नीट टेकत न्हाई, मागं अशी फरफर राहती. काहीतरी नीट मिटंना झालंय आत."

वल्लरीला एकदम उलगडलं. धुक म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाची झडप मिटण्याचा आवाज. ती पुरती मिटली नाही तर पुढं ढकललेलं रक्त दर वेळी थोडं मागं झिरपणार, काळीज तेच ओझं पुन्हा पुन्हा उचलणार, थकणार. थकलं की ठोका चुकणार. सगळे जण ठोका चुकतो म्हणून ठोक्यालाच औषध देत होते.

सहा वाजत आले होते. चाचा म्हणाले, "सहाला काय पाठवणार नसीला?"

"तुम्ही सांगाल ते," ती म्हणाली.

चाचांनी फोन स्वतः घेतला. सगळं सांगितलं, भज्यांसकट. मग मुख्याध्यापिका बोलली.

"अब्बा, माझ्या शाळेत पोरं दुसऱ्याची हजेरी लावतात. पण तीसुद्धा माणूस उभा करतात. तुम्ही भोपळा उभा केलात!"

"तारा किती कमी होणार, पाचपैकी?"

"मी उद्या येतेय," ती म्हणाली. "कुलूप घेऊन."

आली ती खरंच कुलूप घेऊन, पर्समध्ये पितळी, हाताच्या पंजाएवढं. पण त्याआधी सगळे दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टर मगदूमांकडे गेले. मगदूम मॅडमनी फोनवरचे आकडे पाहिले, मग वल्लरीची विनवणी ऐकली आणि भोपळा कशाला आणलाय ते विचारलं. दोन मिनिटं भोपळ्यातून चाचांचे ठोके ऐकल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग सोनोग्राफी. पडद्यावर झडपेची पाकळी दर ठोक्याला मिटायचं विसरत होती.

"मांडीच्या रक्तवाहिनीतून नवीन झडप नेऊन बसवता येते," त्या म्हणाल्या. "छाती उघडायची गरज नाही. चार-पाच दिवसांत घरी. चुकणारे ठोकेही बरेच कमी होतील." मग चाचांच्या हातांकडं बघत, "हे तुम्ही नुसतं ऐकून सांगितलंत?"

"छप्पन्न वर्षं तेच करतोय मॅडम. तुमच्याकडं माणसं आडवी येतात, माझ्याकडं तंबोरे."

झडप बसली. सहाव्या दिवशी चाचा कारखान्यात परत बसले आणि पहिलं काय केलं, तर पट्टा बांधून भोपळ्याला कान लावला. नसीमाताई, वल्लरी, जुई, तिघी समोर बसलेल्या.

"परकी आहे," ते शेवटी म्हणाले. "पण सुरात आहे. नव्या तारेगत बसायला जरा वेळ घेईल."

"चाळीस दिवस पुरे झालेले नाहीत," नसीमाताई म्हणाली आणि पर्समधून कुलूप काढलं. हातात तोलत राहिली. तिची नजर अर्ध्या तंबोऱ्यावर होती, त्याच्या गळ्यापाशी आत्ताच सरस लावलेल्या पट्टीवर, बापाच्या बोटांवर. ती बोटं थरथरत नव्हती.

"जड आहे का गं?" चाचांनी विचारलं.

"आहे."

"मग दे इकडं. पट्टी दाबून ठेवायला वजन पायजेच होतं."

मग वाकून, शाळेत फळ्यावर शेवटची रेघ ओढतात तशा काळजीनं तिने कुलूप बरोबर पट्टीच्या मध्यावर ठेवलं. "सरकलं तर बघा," एवढंच म्हणाली. किल्ली तिच्याकडेच राहिली. दर महिन्याला ती येते, तेव्हा कुठल्या ना कुठल्या तबलीवर ते कुलूप असतं.

आता मगदूम मॅडमकडून आठवड्याला पाच-दहा काळजांचे आवाज गल्लीत येतात. चाचा आणि शेजारचे दोघे सतारवाले दुपारी भोपळ्याभोवती बसून ते ऐकतात, वाद घालतात, कुणाच्या धुकमागं काय राहिलंय ते सांगतात. मॅडम तपासून बघतात. क्वचितच चुकतं. जोडीतला दुसरा तंबोरा पुरा झाला, आणि जुई त्याच्यावरही झोपते.

यंत्रात वल्लरीने एकच भर घातली. पिशवीच्या कडेला एक छोटं बटण. दाबलं की तासभर काहीच बाहेर जात नाही, फोनवर फक्त एक शब्द उमटतो.

परवा दुपारी चारला तो उमटला. पडदा.

वल्लरी फोनकडे बघत राहिली. काळीज ठीक असेल नसेल, गलबललं असेल, कुणाच्या आठवणीत असेल. तिने फोन पालथा ठेवला आणि जुईचं झबलं घडी करायला घेतलं. दोन मिनिटांनी जिन्यातून तळणाचा वास वर आला. मिरचीचा, ओव्याचा.

तिने जुईला कडेवर घेतलं. "चल," ती म्हणाली, "पडदा आहे, पण दार उघडं दिसतंय."